नळाची गोधडी

ह्यूस्टनमध्ये थंडीवर पोट भरणारी माणसं फार नव्हती. श्रीरंग देवस्थळी त्यांतला एक. ज्या गावात ऊन नागपूरचं आणि घाम मुंबईचा, त्यामुळे पापड वाळत नाहीत पण माणूस वाळतो, अशा गावात एअरकंडिशन्ड ऑफिसात बसून हा गृहस्थ अलास्कातल्या तेलाच्या आणि गॅसच्या पाइपांना थंडी वाजू नये म्हणून जाडजूड कोट बनवत असे. पाइपांना, त्यांच्या वळणांना, झडपांना. कंपनीत या खात्याला कोल्ड सेक्शन म्हणत. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, "श्रीरंगराव नक्की करतात काय?" तर त्याची बायको सुलभा सांगायची, "शिंपी आहेत. गिऱ्हाईक लोखंडाचं आहे, एवढंच."

शहाऐंशी साली तेलाचा भाव असा काही कोसळला की श्रीरंग राहत असे त्या शुगर लँड उपनगरातल्या निम्म्या घरांपुढे 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. कंपनीतही माणसं कमी होऊ लागली. जाणाऱ्याला केक द्यायचा, अशी तिथे पद्धत होती. मार्चपर्यंत एका माणसाला एक केक मिळे. एप्रिलपासून एका खात्याला मिळून एक.

श्रीरंगला नोकरी जाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती पार्सिपनीची होती. पार्सिपनीला, पार पूर्व किनाऱ्याजवळ, त्याचा साडू राहत असे, नरेंद्र; सुलभाच्या बहिणीचा, प्रतिमाचा, नवरा. विमा कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"काय म्हणतंय तुमचं तेल?" नरेंद्र विचारायचा.

"चाललंय," श्रीरंग म्हणायचा.

"नाही, आमचं बेसमेंट रिकामंच आहे म्हणून म्हटलं. कार्पेट टाकून घेतलंय. माझ्या ऑफिसात तुला चिकटवतो. विमा विकायला काय अक्कल लागते का यार?"

हे तो इतक्या प्रेमाने म्हणायचा की फोन ठेवल्यावर श्रीरंगला रात्रीचं जेवण जात नसे. साडूकडे चार दिवस पाहुणा म्हणून जाणं वेगळं. साडूच्या जमिनीखाली राहून, साडूच्या ओळखीने, साडूचाच विमा विकत फिरायचं, या कल्पनेने तो मे महिन्यातही शहारायचा. घरात तेवढाच काय तो गारवा.

कोल्ड सेक्शन वाचायचं तर एकच आशा होती. कंपनीचा मालक हॅल पिकेट याच्या डोक्यात एक योजना होती. अलास्कातल्या फेअरबँक्सची एक कंपनी उत्तरेकडच्या तेलक्षेत्रात पाइपांची कामं करी. तिचा मालक वॉल्टर क्रँट्झ. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, हॅमरफेस्टला, एक कंपनी समुद्रातल्या गॅसच्या मागे लागलेली. तिचा मालक आर्ने निल्सन. या दोन गारठलेल्या मुलखांनी हातमिळवणी करावी, एकमेकांची विद्या वापरावी, आणि दोघांचेही कोट पिकेटने शिवावेत. जमलं तर कोल्ड सेक्शनला पुढची काही वर्षं मरण नाही. नाही जमलं तर केक.

मे महिन्यात तेलवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, त्याला दोघंही ह्यूस्टनला आले होते. प्रदर्शन उरकल्यावर पिकेटने त्यांना गुरुवारी आणि शुक्रवारी कॉन्फरन्स रूममध्ये समोरासमोर बसवलं.

दोन दिवस पिकेट एकटाच बोलला. टेक्सासचा माणूस, शांतता पसरली की त्याला वाटायचं, काहीतरी सांडलंय, पुसलं पाहिजे. वॉल्टर पंचावन्नचा, आडव्या हाडाचा, दाढीवाला. आर्ने उंच, लांबुडक्या चेहऱ्याचा. दोघंही टेबलाकडे बघत बसले. बोलायची पाळी आली की वॉल्टर म्हणे, "आमच्याकडे सगळं ठीक चाललंय." आर्ने थोडा विचार करून म्हणे, "आमच्याकडेही." मग पुन्हा टेबल.

श्रीरंग कोपऱ्यात नकाशे धरून उभा होता. त्याने आयुष्यात लग्नाच्या बऱ्याच बैठका पाहिल्या होत्या. इथला घोटाळा त्याच्या ताबडतोब लक्षात आला. दोन्हीकडचे वरपक्षच होते. आमच्यात काही उणं आहे, हे कबूल करायला वधूपक्ष कुणी व्हायचं, इथे घोडं अडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पिकेटने त्याला बाजूला घेतलं. पिकेट त्याला 'रँग' म्हणे. बाकीचं नाव त्याने पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं.

"रँग, उद्या त्यांची परतीची विमानं आहेत. माझी ताकद संपली. तू त्यांना दुपारी घरी जेवायला घाल आणि वेळेत एअरपोर्टला सोड. विमान चुकता कामा नये, तेवढं तरी आपल्याला जमू दे." मग टायची गाठ सैल करत, दुसरीकडे बघत म्हणाला, "सोमवारी सकाळी जरा माझ्याकडे ये."

सोमवारी सकाळी जरा ये, म्हणजे काय, हे कंपनीत शिपायालाही कळत होतं.

शनिवारी दुपारी सुलभाने मसालेभात केला, बटाट्याची भाजी केली, काकडीची कोशिंबीर केली. सॉवर क्रीम आणि दही फडक्यात बांधून श्रीखंड केलं. पाहुणे आले, हात धुऊन टेबलाशी बसले आणि जेवू लागले. चमच्यांचा आवाज येत राहिला.

"भात कसा झालाय?" सुलभाने इंग्रजीत विचारलं.

"चांगला," वॉल्टर म्हणाला.

आर्नेने मान हलवली. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "हो."

सुलभा वाढायच्या निमित्ताने श्रीरंगच्या कानाशी आली. "अहो, हे जेवायला आलेत की शोकसभेला?"

"शोकसभा सोमवारी आहे," श्रीरंग पुटपुटला.

त्यांची अकरा वर्षांची मुलगी दीपा पाहुण्यांकडे कौतुकाने बघत होती. घरी आलेल्या काका लोकांपैकी 'अभ्यास कसा चाललाय' हे न विचारणारे हे पहिलेच दोन.

जेवण झालं. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, उठले आणि आभार मानले. पिकेटसारखा अमेरिकन माणूस या क्षणी 'बाय' म्हणून गाडीत बसतो आणि गाडी कोपऱ्यावर वळलेलीसुद्धा असते. पण हे घर देवस्थळींचं होतं. आपल्याकडे पाहुणा निघाला, म्हणजे आत्ता कुठे भेटीला सुरुवात होते. माणूस बैठकीत दोन तास हवापाण्यावर बोलतो, आणि ज्या कामासाठी आलेला असतो ते चपलेत पाय घालताना काढतो: "अरे हो, धाकटीचं जमलं का कुठे?" दारात अर्धा तास, अंगणात अर्धा तास, फाटकाशी आणखी थोडं. अमेरिकेत फाटक नसतं, म्हणून गाडीचं दार धरून.

श्रीरंग पुढे जाऊन गाडी सुरू करून आला, म्हणजे आत गार होईल. एअरपोर्ट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. येऊन बघतो तर सुलभा पाहुण्यांच्या तळहातावर चमचा चमचा दही घालत होती.

"अगं, विमान आहे त्यांचं!"

"म्हणूनच. लांबच्या प्रवासाला निघालेत, दही नको हातावर?"

त्या दोघांनी दही चाटलं. मग हात चिकट झाले म्हणून पुन्हा आत जाऊन धुतले. तोवर सुलभाला चिवडा आठवला. चिवड्याचे डबे भरून झाले, तोवर तिला आठवलं की पाहुण्यांना कढीलिंबाचं झाड दाखवलंच नाही. शुगर लँडमध्ये कढीलिंब जगवणं हे तिचं जन्माचं कर्तृत्व होतं. झाड गराजच्या बाजूला होतं. वॉल्टर आणि आर्ने आपापला डबा छातीशी धरून तिच्या मागोमाग निघाले. श्रीरंग हातातल्या घड्याळाकडे बघत त्यांच्या मागे.

झाडापर्यंत कुणी पोचलंच नाही. गराजच्या भिंतीला बागेचा नळ होता, आणि त्या नळाच्या अंगात गोधडी होती. श्रीरंगच्या आईने साताऱ्याहून पाठवलेली, सुलभाच्याच जुन्या साड्यांची, लाल-हिरवी-मोतिया. आत कंपनीतल्या फोमचा नमुना गुंडाळलेला आणि वरून परकराच्या नाडीने आवळून बांधलेली. बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं उकळत होतं.

वॉल्टर थांबला. आर्ने थांबला. दोघंही त्या नळाकडे बघू लागले.

"हा नळ आजारी आहे का?" वॉल्टरने विचारलं. तीन दिवसांत त्याने आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य.

"नाही, ते आपलं असंच..." श्रीरंग म्हणाला.

"डॅड्स पाइप बर्स्ट," दीपा म्हणाली. "ख्रिसमस, एटी-थ्री. द होल गराज वॉज अ स्केटिंग रिंक."

"दीपा, आत जा."

"व्हाय? इट्स ट्रू! अँड ही मेक्स स्टफ फॉर अलास्का!" ती पाहुण्यांना म्हणाली. "द नेबर्स स्टिल कॉल हिम आइसमॅन."

खरंच होतं ते. त्र्याऐंशीच्या नाताळात ह्यूस्टनवर अचानक कडाक्याची थंडी आली, तेव्हा श्रीरंग ऑफिसात उत्तर ध्रुवाजवळच्या झडपांची काळजी करत बसला होता. स्वतःच्या घराला नळ आहे, हे त्याला त्या नळाने फुटून कळवलं. तेव्हापासून धसक्याने त्याने गोधडी काढली नव्हती. उन्हाळ्यातसुद्धा नाही.

श्रीरंगच्या डोळ्यांपुढे पार्सिपनीचं बेसमेंट उभं राहिलं. कार्पेटचा रंगसुद्धा दिसला. ज्याला स्वतःचा नळ राखता आला नाही, त्याच्याकडून हे दोघं कोट शिवून घेणार!

आणि मग वॉल्टरच्या छातीतून एक आवाज आला. थंडीत जुना ट्रक सुरू होताना करतो तसा. पहिल्यांदा नुसती घरघर, मग पुन्हा घरघर, आणि मग तो भडकन हसला. दाढी, खांदे, चिवड्याचा डबा, सगळं हललं.

"माझ्या घरी," तो म्हणाला, "दोनदा. दुसऱ्यांदा तर बायको आंघोळीला बसली होती. तिने घटस्फोट घेतला नाही, पण वकिलाला फोन केला होता."

आर्नेने नळाकडेच बघत म्हटलं, "आमच्या धक्क्यावर दर हिवाळ्यात."

"काय दर हिवाळ्यात?"

"झडपा. समुद्राचं पाणी उडतं आणि गोठतं. कोटाच्या आत मीठ शिरतं. मग वरून सगळं छान दिसतं आणि आतून गंज." एवढं बोलून तो थांबला, पण बूच निघालं होतं. "माणसं हातोड्याने बर्फ फोडतात. मागच्या वर्षी एकाने झडपच फोडली."

"काल तर तू म्हणालास, सगळं ठीक आहे."

"तूही म्हणालास."

वॉल्टरने डबा भिंतीशी ठेवला. "मिठाचं मला काही माहीत नाही," तो नळाला म्हणाला. "आमच्याकडे कोरडी थंडी. पण आता आम्हाला किनाऱ्याजवळ काम घ्यायचंय, पाण्यात भराव घालून केलेल्या बेटावर. तिथे मीठच मीठ असणार. मला रात्री झोप लागत नाही."

"आम्हाला दलदलीतून लाइन न्यायचीय," आर्ने म्हणाला. "उन्हाळ्यात जमीन वितळते. खांब खचतात."

"खांब?" वॉल्टर म्हणाला. "खांबांचं मला विचार! खांबांवर तर माझे केस पांढरे झाले."

उत्तरेकडच्या पुरुषांची ही गंमत आहे. समोरासमोर बसवले की ते शिंपल्यासारखे मिटतात. शेजारी शेजारी उभे करून पुढ्यात एखादी बिघडलेली वस्तू ठेवली, तर आवरता आवरत नाहीत. कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये सगळं होतं, बिघडलेलं मात्र काहीच ठेवलेलं नव्हतं.

श्रीरंगने घड्याळ बघितलं. आत्ता, या क्षणी निघालं तरच विमान मिळणार होतं. गाडी मागे घुरघुरत उभी होती. पिकेटने एकच गोष्ट निक्षून सांगितली होती, आणि सोमवार अजून यायचा होता. तो घसा साफ करून पुढे सरकला. सुलभाने त्याची बाही धरली.

"कुठे निघालात?"

"अगं, विमान चुकेल! हॅल मला..."

"दारात बोलतायत ते. दारातलं बोलणं कधी तोडतात का? तुमच्या काकांनी आपलं लग्न कुठे जमवलं? जिन्यात! पानसुपारी झाल्यावर!"

 श्रीरंग गाडीशी गेला, इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. नोकरीच्या तेरा-चौदा वर्षांत साहेबाचा हुकूम त्याने पहिल्यांदाच मोडला. तेवढ्याने त्याला दरदरून घाम फुटला. तसा तो आधीच फुटलेला होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

परत येईपर्यंत आर्नेने उकिडवं बसून परकराची नाडी सोडली होती आणि गोधडी उलटीपालटी करून बघत होता. "शिवण वर आहे," तो म्हणाला. "वरून पाणी शिरेल."

"खाली घेतली तर धक्क्यावरून उडालेलं शिरेल," वॉल्टर म्हणाला. "तूच सांगितलंस."

आता मात्र श्रीरंगमधला शिंपी जागा झाला. "दोन थर करायचे," तो म्हणाला. "आत बंडी, बाहेर सदरा. बंडीची शिवण वर, सदऱ्याची खाली. आणि सदऱ्याला तळाशी एक छिद्र. आलेलं पाणी निघून गेलं पाहिजे."

"काढून दाखव," आर्ने म्हणाला.

कागद आणायला आत जायचं तर बोलणं तुटेल, अशी श्रीरंगला धास्ती. दीपाचे रंगीत खडू तिथेच पडले होते. सकाळी तिने ड्राइव्हवेवर लंगडीची घरं काढली होती. श्रीरंगने गुलाबी खडू उचलला आणि लंगडीच्या शेजारी झडप काढली. वॉल्टरने निळ्या खडूने तिच्या खाली खांब काढले. आर्ने गुडघ्यांवर बसला आणि त्याने समुद्र काढला. दीपा कडेला उभी राहून "दॅट्स माय यलो" म्हणत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सुलभाने आतून छत्री आणली, तीन माणसांच्या डोक्यावर जमेल तेवढी धरली, आणि मग चहा टाकायला गेली. तेवढ्या वेळापुरती छत्री दीपाच्या हातात आली.

पाहुणे एअरपोर्टला पोचलेच नाहीत, हे कळून हॅल पिकेट गाडी हाणत आला, तेव्हा त्याला हे दृश्य दिसलं. दोन कंपन्यांचे मालक त्याच्या इंजिनिअरबरोबर जमिनीवर रांगत होते आणि एक मुलगी त्यांच्यावर छत्री धरून कंटाळली होती.

"रँग! हे काय... जंटलमेन, मला फार..." पिकेटने बोलायला तोंड उघडलं. तो बोलला असता, तर वॉल्टर आणि आर्ने उठून उभे राहिले असते, गुडघे झटकले असते आणि पुन्हा 'सगळं ठीक चाललंय' म्हणाले असते.

"हॅल, हात पुढे करा," आतून बाहेर येत सुलभा म्हणाली.

त्याने सवयीने शेकहँडसाठी हात पुढे केला. तिने तो उताणा केला आणि तळहातावर भरघोस दही घातलं. पिकेट त्याच्याकडे बघत राहिला. पुसायचं तर कशाला, टाकायचं तर कुठे, चाटायचं तर कसं. हातवारे केल्याशिवाय त्याला बोलता येत नसे, आणि हात हलवला तर दही सांडत होतं. तीन दिवसांत पहिल्यांदाच तो गप्प राहिला आणि ऐकू लागला.

"उन्हाळ्यात तुझी माणसं पाठव," वॉल्टर आर्नेला सांगत होता. "जमीन वितळताना बघू देत."

"हिवाळ्यात तुझी पाठव," आर्ने म्हणाला. "मीठ बघू देत." मग त्याने खडूचा हात विजारीला पुसला आणि श्रीरंगकडे बोट केलं. "आणि कोट हा शिवेल."

"ज्याचा नळ फुटलाय तोच शिवू दे," वॉल्टर म्हणाला. "तो विसरणार नाही."

पिकेटने दही खाल्लं.

पुढे वकिलांनी रीतसर करार केला, तो चांगला जाडजूड झाला. त्यात दलदल होती, समुद्र होता, दोन्ही मुलखांनी एकमेकांना काय काय शिकवायचं ते होतं. गोधडीचा उल्लेख कुठे नव्हता. त्या संध्याकाळी मात्र पाहुणे राहिले, उरलेला मसालेभात त्यांनी संपवला, आणि आर्नेने सुलभाला आपणहून सांगितलं की दुपारी भात फारच उत्तम होता, पण ते लगेच सांगणं त्याला घाईचं वाटलं.

सोमवारी श्रीरंग पिकेटकडे गेला. टेबलावर केक होता, 'गुड लक, कोल्ड सेक्शन' असं लिहिलेला. 

"शुक्रवारीच ऑर्डर दिली होती," पिकेट ओशाळून म्हणाला. "कॅन्सल करायची राहिली. खाऊन टाका."

कोल्ड सेक्शनने आपला निरोपाचा केक खाल्ला आणि जाऊन कामाला बसलं.

रविवारी नरेंद्रचा फोन आला. श्रीरंगने त्याला सगळं सांगितलं, थोडं रंगवूनच. नळाचा उल्लेख टाळला.

"वा! अभिनंदन!" नरेंद्र म्हणाला. "म्हणजे तुम्ही काही येत नाही आता."

"नाही. आता काय गरज."

"नाही, छानच झालं. सुलभाला सांग. बरं, ठेवतो."

"हं, ठेव."

कुणीच ठेवला नाही. लाँग डिस्टन्सचा मीटर चालू होता. श्रीरंगला पार्सिपनीच्या फ्रिजची गुणगुण ऐकू येत होती.

"काय आहे," नरेंद्र म्हणाला, "मी तो कॅरम बोर्ड आणला होता. जॅक्सन हाइट्सच्या इंडियन बाजारातून. गाडीच्या टॉपवर बांधून आणला, यार. बेसमेंटमध्ये लावलाय, वर दिवा पण सोडलाय. पोरं कॉलेजला गेली. प्रतिमा म्हणते, मला खेळायचं नाही, माझी नखं दुखतात. एकटा खेळतो मी. दोन्ही बाजूंनी."

श्रीरंग फोनची वायर ओढत जमिनीवर बसला. इतक्या रविवारी याच्याशी बोललो, पण ठेवतो म्हटल्यावर खरंच ठेवत होतो, हे त्याच्या आता लक्षात आलं.

"थँक्सगिव्हिंगला येतो आम्ही," तो म्हणाला. "चांगले आठवडाभर. बेसमेंटमध्येच झोपू."

"खरं?"

"स्ट्रायकर माझा मी आणीन. तुझ्यावर भरवसा नाही."

"अरे जा! शाळेत असताना तुला राणी कधी घेता आली होती का?"

"तू कुठे होतास माझ्या शाळेत?"

"माझ्या कानावर आलंय."

स्वयंपाकघरातून सुलभाचा आवाज आला. "अहो, पानं घेतलीत. झाला का फोन?"

"झालाच," श्रीरंग भिंतीला पाठ टेकून बसत म्हणाला. "आत्ता ठेवतोच आहोत."